कोणत्या पानावर?

प्रवेशाचे दिवस होते. एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या कॉलेजात आले होते. मुलीने बी. ए.ला मराठी हा विषय घ्यायचे ठरवले होते. फॉर्म भरून झाला, पैसे भरल्याची पावती मिळाली, आणि मग ते माझ्या टेबलाशी येऊन जरा संकोचाने म्हणाले, "सर, एक विचारू का? गोष्टी-कविता ती घरीबी वाचते. त्यासाठी तीन वर्षं कॉलेज कशाला? तिथं शिकवता तरी काय नेमकं?"

मी काहीतरी मोघम सांगितले. साहित्याने मन मोठे होते, संस्कार होतात, असे काहीसे. गृहस्थांनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नाही हे मला स्पष्ट दिसत होते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते ते आज जरा सविस्तर द्यावे असा विचार आहे. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाची मुले कॉलेजात असतील, कुणी स्वतः शाळेत शिकवत असतील. दोघांनाही हे उत्तर तपासून पाहता येईल.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला लेखनाचा एक अभ्यासक्रम आहे. एखादी साहित्यकृती नीट वाचायची, तिच्याविषयी एक प्रश्न काढायचा, त्याचा शोध घ्यायचा आणि आठ-दहा पानांचा निबंध लिहायचा, असे त्याचे स्वरूप. याला आम्ही 'शोधनिबंध' म्हणतो. शब्द जड आहे. तो ऐकला की मुलांच्या पोटात गोळा येतो. काही जणांना वाटते, यात काहीतरी प्रयोगशाळेसारखे असणार. आणि पुष्कळांना वाटते, शाळेतलाच निबंध, फक्त लांब.

पहिल्या वेळी जे निबंध माझ्या हाती येतात त्यांची एक गंमत सांगतो. एका वर्षी अठ्ठावन्न निबंध आले. त्यांतल्या तेवीस निबंधांचे पहिले वाक्य एकच होते. लेखकाचे नाव तेवढे वेगळे; त्या त्या लेखकाचे मराठी साहित्यात 'अनन्यसाधारण स्थान' आहे, हे मात्र सगळीकडे होते. मी वर्गात विचारले, "अनन्यसाधारण म्हणजे दुसऱ्या कुणासारखे नाही असे. मग तेवीस जणांचे स्थान तेच कसे?" वर्ग हसला. पण हसणाऱ्यांत ते तेवीसही होते, आणि ते वाक्य कुठून आले हे त्यांनाही ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. बाजारात मिळणाऱ्या गाइडातून.

मुलांना दोष देऊन भागत नाही. शाळेपासून आपणच त्यांना प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार असा साचा देतो. पुस्तक न उघडता पुस्तकाविषयी लिहिण्याची सवय आपणच लावतो आणि त्याला दहापैकी सात गुणही देतो. मीही दिले आहेत. म्हणून पहिल्या महिन्यात आमच्या वर्गात लिहायचे नसतेच. आधी पाहायला शिकायचे.

हे समजावताना मी मुलांना त्यांच्याच गावात नेतो. गावात घरफोडी झाली तर पंचनामा होतो. पंचनाम्यात काय लिहितात? दाराचे कुलूप तुटलेले आहे, कोयंडा निखळून खाली पडला आहे, कपाटाचा खण उघडा आहे, मागच्या परसात चिखलात पावलांचे ठसे आहेत. चोर मागच्या बाजूने आला असावा आणि तो माहितगार असावा, हे पंचनाम्यात लिहीत नाहीत. तो पुढचा तपास. पंचांनी जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच कागदावर येते, आणि त्याखाली त्यांच्या सह्या असतात. जमिनीचेही तसेच. बांधाचा वाद निघाला तर "हा बांध आमच्या आज्यापासून आहे असं म्हणतात" एवढ्यावर कुणी गप्प बसतो का? सातबाऱ्याचा उतारा आण, फेरफार काढ, मोजणीचा नकाशा दाखव, असे म्हणतोच ना आपण? हातभर बांधासाठी आपण इतके कसोशीने पुरावे मागतो, आणि पुस्तकाविषयी मात्र कुणीही काहीही सांगितले तरी चालते. वर्षातले पहिले चार तास मी एवढ्यावरच घालवतो. पाहिले काय, ऐकले काय आणि मला वाटते काय, या तीन गोष्टी वहीत तीन वेगळ्या ठिकाणी लिहायच्या. अर्धा शोधनिबंध तिथेच होतो.

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे येतो, कारण नुसत्या पद्धतीच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

गेली काही वर्षे मी या वर्गाला ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लावतो. ते लहान आहे, दोन संध्याकाळी वाचून होते. १८८२ साली ते पुण्यात छापले गेले. ताराबाई वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या, घराणे मराठा, वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. पुस्तक लिहिण्याचे निमित्त एका खटल्याचे. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाला मारल्याचा आरोप आला. तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. वरच्या न्यायालयात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. या प्रकरणावरून वर्तमानपत्रांत स्त्रियांच्या चारित्र्याविषयी वाटेल ते लिहिले गेले. 'पुणे वैभव' हे पत्र त्यात पुढे होते. ताराबाईंनी उत्तर म्हणून लेखणी हातात घेतली. त्या पुरुष वाचकाला समोर उभे करून बोलतात. स्त्रीच्या नावावर जे जे दोष मांडले जातात ते एकेक उचलतात आणि विचारतात, हा तुमच्यात नाही काय? पोथ्या, देवादिकांच्या कथा, त्या काळच्या गोष्टी-नाटकांतली स्त्रियांची चित्रे, कशाचीच त्या भीड ठेवत नाहीत.

हे पुस्तक वाचून मुली खूष होतात, मुले जरा अस्वस्थ होतात, आणि मग सगळेच उत्साहाने लिहायला बसतात. नेमका इथेच घोटाळा होतो. एक उदाहरण देतो, आणि त्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या अभ्यासक्रमाचे मर्म मला त्यात सापडले.

पुस्तकाचे जे पूर्ण नाव मुखपृष्ठावर आहे त्यात एक प्रश्न आहे. स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध आहे, अशा अर्थाचे ते नाव. आता 'साहसी' म्हटल्यावर आजच्या मुलाच्या डोळ्यांपुढे काय येते? साहसी खेळ, साहसकथा, गिर्यारोहण. त्यामुळे दरवर्षी दहा-पंधरा निबंधांत मला हे वाचायला मिळते, की स्त्री पुरुषापेक्षा अधिक शूर आहे हे ताराबाईंनी या पुस्तकात सिद्ध केले. वाक्य ऐकायला चांगले आहे. भाषणात टाळ्या घेईल. परंतु पुस्तक वाचू लागले की ते टिकत नाही. शौर्याविषयी पुस्तकात फारसे काही नाही; आहे ते लबाडी, कपट, फसवणूक, व्यसन, निर्दयपणा यांच्याविषयी. मग मुखपृष्ठ एक म्हणते आणि आतली पाने दुसरेच म्हणतात, असे कसे?

ही अडचण पहिल्यांदा एका विद्यार्थिनीने माझ्यापुढे ठेवली. तालुक्यापासून आत सतरा किलोमीटरवरच्या गावातून ती एस. टी.ने यायची. वर्गात फारशी बोलत नसे. एक दिवस तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, साहसी चांगलं असेल तर ताराबाई भांडतायत कशासाठी? पुरुष साहसी आहेत असं सिद्ध झालं तर ते पुरुषांचं कौतुक झालं की."

मी म्हटले, "बघू या."

आम्ही कोश काढले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे ताराबाईंच्या पुस्तकाच्या पंचवीस वर्षे आधीची. जुन्या पुस्तकातला शब्द त्याच काळाच्या जवळपासच्या कोशात पाहावा, आजच्या कोशात नव्हे, हा एक नियम मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साहस या शब्दाला तिथे धाडसाबरोबर अविचाराचा, आततायीपणाचा वास आहे. मग आणखी मागे गेलो. मनुस्मृतीत खटल्यांचे जे अठरा विषय सांगितले आहेत त्यांत 'साहस' हा एक विषय आहे, आणि तेथे त्याचा अर्थ बळजबरीने केलेला गुन्हा असा आहे. शिवाय स्त्रियांचे दोष मोजणारे जुने संस्कृत श्लोक आहेत. ते कीर्तनांतून, सुभाषितांच्या पुस्तकांतून पुष्कळांच्या कानांवर आलेले असतात. त्या दोषांच्या यादीत खोटेपणा, कपट यांच्या शेजारी साहस बसलेले असते. म्हणजे त्या जुन्या वहिवाटीत साहस हा स्त्रीचा गुण म्हणून येत नाही, आरोप म्हणून येतो.

मुलीचा चेहरा उजळला. म्हणाली, "म्हणजे प्रश्न असा आहे की खरा गुन्हेगार कोण!"

या एका वाक्याने पुस्तक उलगडले. एका विधवेला न्यायालयाने आरोपी केले होते, आणि वर्तमानपत्रांनी तिच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीला आरोपी केले होते. ताराबाईंनी त्याच आरोपातला शब्द उचलला, त्याचा प्रश्न केला आणि मुखपृष्ठावर टांगला. पुढे त्या मुलीने आपल्या निबंधासाठी एवढाच विषय घेतला: 'स्त्रीपुरुषतुलना'मध्ये 'साहस' हा शब्द कुठे कुठे आणि कोणत्या अर्थाने येतो. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचले; शब्द दिसला की पान टिपायचे, आधीचे आणि नंतरचे वाक्य उतरवायचे. तीन आठवडे ती हेच करत होती.

विषय निवडताना मुलांना नेमके हेच पटत नाही. त्यांना मोठा विषय हवा असतो. 'ताराबाई शिंदे: जीवन आणि कार्य', 'मराठी साहित्यातील स्त्री', 'साहित्य आणि समाज'. मी विचारतो, मराठी साहित्यातली स्त्री तू आठ पानांत बसवणार? दहा एकरांत एक पोते बी फेकले तर उगवेल काय आणि खुरपेल कोण? एक वाफा घे, पण तो नीट कर. लहान प्रश्नात लपायला जागा नसते. 'जीवन आणि कार्य' लिहिणाऱ्याला गाइड पुरते; 'साहस' शब्द मोजणाऱ्याला पुस्तक उघडावेच लागते.

जीवनाचा विषय निघालाच म्हणून सांगतो. ताराबाईंच्या आयुष्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक आहे. पण निबंधात मात्र मुले त्यांचे बालपण हालअपेष्टांत घालवतात, त्यांना आईच्या मांडीवर ओव्या ऐकवतात, एका विद्यार्थ्याने तर त्यांना पहाटे उठून समईच्या उजेडात लिहायला बसवले होते. मी समासात लिहिले, "समई कोणत्या पानावर?" त्याला राग आला. म्हणाला, "सर, तेव्हा वीज नव्हती, मग समईच असणार की." तर्क वाईट नाही. पण असणार आणि होती, यांत अंतर आहे. 'असावी' असे लिहिले असते तर मी एक शब्दही बोललो नसतो. मराठीत असावे, दिसते, वाटते, म्हणतात अशी किती नेमकी क्रियापदे आहेत! प्रत्येकाच्या मागे पुराव्याचे वजन वेगळे. ती योग्य जागी वापरायला शिकणे हाच व्याकरणाचा खरा उपयोग, असे मला आताशा वाटू लागले आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला मला फारशी हौस नाही, पण ती वगळली तर या लेखात लबाडी होईल.

हे पुस्तक शिकवताना विजयालक्ष्मीच्या खटल्याची हकीगत मी दरवर्षी रंगवून सांगत असे. पुण्यात खटला चालला, पुण्यात खळबळ उडाली, असे सांगत असे. आठ वर्षे सांगितले. त्या वर्षी तीच मुलगी उभी राहिली. पंचनाम्याचा धडा तिने मनावर घेतला होता. म्हणाली, "सर, खटला पुण्याला झाला हे कोणत्या पानावर आहे?"

मी म्हटले, "अगं, आहे कुठंतरी. प्रस्तावनेत बघ."

"बघितलं सर. नाही सापडलं."

वर्गात शांतता पसरली. अशा वेळी शिक्षकाला दोन वाटा असतात. आवाज चढवून पुढचा मुद्दा घेणे ही सोपी. मी तीच घेतली, हे कबूल केले पाहिजे. "नंतर सांगतो," म्हणालो आणि पुढे गेलो. परंतु घरी गेल्यावर जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून शोधले. खटला सुरतेकडचा होता. मी पुणे कुठून आणले? विचार केल्यावर उमगले. टीका करणाऱ्या वर्तमानपत्राचे नाव 'पुणे वैभव', पुस्तक छापले पुण्यात, आणि एकोणिसाव्या शतकातली खळबळ म्हटली की आपल्या डोक्यात आपोआप पुणे येते. तीन धागे आपसांत गुंतले आणि माझ्या मनाने त्यातून एक न्यायालय उभे केले. कुठल्याही पुस्तकाने मला फसवले नव्हते.

तिसऱ्या दिवशी वर्गात जाऊन फळ्यावर लिहिले: सुरत. मुलीने वहीत नोंद केली. मला वाटले होते मुले हसतील. कुणी हसले नाही.

आणि हा तपशील क्षुल्लक नाही बरे का. खटला सुरतेचा होता हे कळल्यावर पुस्तकाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. गुजरातेतल्या एका ब्राह्मण विधवेचा खटला. त्यावर पुण्याचे पत्र लिहिते. ते वऱ्हाडात, बुलढाण्याला, एक मराठा स्त्री वाचते आणि तिचा संताप अनावर होतो. विजयालक्ष्मी तिच्या गावची नाही, तिच्या जातीची नाही, तिच्या भाषेचीही नाही. हे अंतर माझ्या चुकीने पुसून गेले होते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता, म्हणजे पंचवीस वर्षे उलटली होती. तरी कुलीन म्हणवणाऱ्या घरांतली विधवा होती तिथेच होती. हे दुःख एका जातीपुरते किंवा एका शहरापुरते नाही हे ताराबाईंना दिसले होते, आणि मी मात्र ते पुण्यातल्या एका पेठेत कोंडून ठेवले होते.

पुस्तकाचे पुढे काय झाले हेही मुलांना शोधायला लावतो. १८८५ साली जोतीराव फुले यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्यापर्यंत आलेले नाही. मग १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केले, आणि १९९४ साली रोझलिंड ओ'हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले. १८८२ ते १९७५, म्हणजे त्र्याण्णव वर्षे. एवढ्या काळात किती पिढ्यांनी मराठी साहित्याचा इतिहास शिकला, आणि त्यात हे पुस्तक नव्हते! कुणीतरी जुन्या कागदांत बसले म्हणून आज ते माझ्या वर्गात आहे. शोधलेखन म्हणजे परीक्षेचे ओझे, असे मानणाऱ्या मुलांना मी हा हिशेब करायला सांगतो.

खेड्यातल्या मुलाला जुनी पुस्तके कुठे मिळणार, अशी शंका रास्त आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची सूची करून ठेवली आहे. एका माणसाने केलेले ते काम पाहिले की छाती दडपते. पुस्तक होते का, कधी निघाले, कुणी काढले, हे तिथे आधी पाहावे. आता तर पुष्कळशी जुनी पुस्तके मोबाईलवरही पानन् पान पाहता येतात. सतरा किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीला ही सोय मोठी आहे, आणि मोबाईलला नुसती नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

पण त्याच मोबाईलने दुसरे एक काम सोपे केले आहे, ते म्हणजे उचलेगिरी. पूर्वी गाइडातून उतरवायला निदान हात दुखत; आता तेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाला पात्र धरलेले नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने शिक्षा वाढत जाते. नियम हवेतच. पण मुलांनी त्याचा अर्थ काय घ्यावा? "सर, दहा टक्के चालतं ना?" असे मला विचारतात. दुधात किती पाणी घातले तर डेअरीवाला परत करत नाही, तसा हा प्रश्न! मी सांगतो, दुसऱ्याचे वाक्य शंभर वेळा घ्या, पण अवतरणचिन्हात घ्या, खाली नाव आणि पान लिहा, आणि त्याच्याशी तुमचे भांडण आहे की मैत्री ते पुढच्या वाक्यात सांगा. ताराबाईंनीही दुसऱ्यांची मतेच घेतली होती. फक्त ती कुणाची हे लपवले नाही, आणि मग त्यांची साले काढली.

अलीकडे यंत्राला विषय सांगितला की सबंध निबंध तयार मिळतो. भाषा शुद्ध, मुद्दे नीटनेटके, खाली पानांचे आकडेसुद्धा. असे दोन निबंध माझ्याकडे आले. मी ती पाने उघडली. सांगितलेली वाक्ये त्या पानांवर नव्हती. मुलांना बोलावून मी रागावलो नाही. पुस्तक त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, काढून दाखवा. अर्धा तास शोधत होती बिचारी. त्यानंतर त्या दोघांनी जे लिहिले ते ओबडधोबड होते, पण त्यांचे होते.

आता शाळेत शिकवणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती. कॉलेजात येईपर्यंत थांबू नका. आठवी-नववीच्या मुलाला 'माझे गाव' हा निबंध घालताना एवढीच अट घाला: गावाच्या मंदिराविषयी, तळ्याविषयी किंवा जत्रेविषयी दोन म्हाताऱ्या माणसांना विचारून ये, आणि दोघांचे सांगणे कुठे जुळत नाही ते लिहून आण. एकाच मारुतीची स्थापना एक आजोबा दुष्काळाच्या साली सांगतील, दुसरे पटकीच्या साली. मुलाला वाटेल, आता काय करू? तिथेच त्याला थांबू द्या. लगेच खरे उत्तर सांगू नका. बहुधा ते आपल्यालाही ठाऊक नसते.

त्या मुलीचा निबंध शेवटी नऊ पानांचा झाला. भाषा साधी, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले. शेवटच्या पानावर तिने लिहिले होते, की दोन ठिकाणी साहस शब्दाचा अर्थ मला निश्चित करता आला नाही. तिथे धाडस आणि गुन्हा हे दोन्ही अर्थ लागतात. ती वाक्ये खाली देत आहे, वाचकांनी पाहावी. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याने 'मला कळले नाही' असे इतक्या स्वच्छपणे लिहिलेले मी पहिल्यांदाच वाचले. तिला वर्गात सर्वाधिक गुण दिले. तिच्या वडिलांना मी ओळखत नाही. पण प्रवेशाच्या दिवशी ज्या गृहस्थांनी मला प्रश्न विचारला, त्यांना हा निबंध दाखवायला मला आवडले असते. तीन वर्षांत आम्ही काय शिकवतो, तर हे.

राहिली गोष्ट सुरतेची. फळ्यावर चूक दुरुस्त केली खरी, पण आधीच्या आठ वर्षांच्या मुलांचे काय? त्यांच्या वह्यांत पुणेच होते. मागच्या मुलांचा मोबाईलवर एक गट आहे, दिवाळीच्या शुभेच्छा देण्यापुरता. त्यावर मी लिहिले: "विजयालक्ष्मीचा खटला मी पुण्याचा म्हणून शिकवला होता. तो सुरतेकडचा. माझी चूक. दुरुस्त करून घ्यावे." चार-पाच जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. रात्री उशिरा एकाचा फोन आला. सहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता दुसऱ्या जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो.

"सर," तो म्हणाला, "मी तीन वर्षं पुणंच सांगतोय."

थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग त्याने विचारले, "कोणत्या पानावर आहे सर, सांगा. लिहून घेतो."

मी पुस्तक आणायला उठलो.